रविवारी संध्याकाळी कामावर कोण असतं?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तसं झालं नाही तर माकडहाडावरची, खुब्यावरची, टाचांवरची कातडी दाबली जाऊन लाल होते, मग सोलवटते, आणि काही दिवसांत जखम थेट हाडापर्यंत पोचू शकते. दिवसात बारा वेळा कूस बदलायची आणि दर वेळी पाच मिनिटं धरायची, तर एक तास तिथेच गेला. घास भरवायचा तर ठसका लागू नये म्हणून सावकाश भरवावा लागतो. तीन जेवणांचा दीड तास. त्यात अंग पुसणं, डायपर बदलणं, कपडे, दात, धरून चार पावलं चालवणं. घरात असं माणूस सांभाळलेल्या कोणालाही हा हिशोब पाठ असतो. अमेरिकेत तो सरकारी अहवालात आकड्यांनिशी मांडला जायला मात्र 2001 साल उजाडलं.

मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन सरकारी आरोग्य योजना चालवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने, म्हणजे सीएमएसने, अ‍ॅब्ट असोसिएट्स या संस्थेकडून एक अभ्यास करून घेतला होता. प्रश्न साधा होता: नर्सिंग होममधल्या एका रहिवाशामागे दिवसाला किती मनुष्यतास खर्च झाले नाहीत, तर त्याला इजा होण्याचा धोका वाढतो? उत्तर आलं 4.1 तास. त्यातले 2.8 तास मदतनिसांचे, 0.75 तास नोंदणीकृत परिचारिकेचे आणि उरलेले 0.55 तास तिच्या हाताखालच्या परवानाधारक परिचारिकेचे. पुढच्या दोन दशकांत या आकड्यावरून अहवाल लिहिले गेले, खटले चालले, नियम झाले आणि मोडलेही. पण नर्सिंग होम चांगलं की वाईट हे ठरवायला निघालेला माणूस फिरून फिरून याच आकड्यापाशी येतो.

इथे ज्या नर्सिंग होमची गोष्ट चालली आहे, ते म्हणजे आपल्याकडच्या कोपऱ्यावरचं बाळंतपणाचं इस्पितळ नव्हे. स्वतःच्या हाताने उठता-बसता-जेवता न येणाऱ्यांना तिथे राहायला ठेवतात आणि चोवीस तास त्यांची शुश्रूषा होते. अमेरिकेत अशी सुमारे 15 हजार ठिकाणं आहेत आणि त्यांत 12 लाखांच्या आसपास माणसं राहतात. काही जण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांसाठी येतात. त्यांचा खर्च जास्तीत जास्त 100 दिवस मेडिकेअर उचलतं, आणि तोही सगळ्या दिवसांचा पूर्ण नाही. बाकीचे येतात ते बहुधा शेवटपर्यंत राहायला. स्वतंत्र खोलीचा खर्च महिन्याला 9 हजार डॉलरच्या वर जातो. भल्याभल्यांची शिल्लक दोन-तीन वर्षांत संपते आणि मग गरिबांसाठीच्या मेडिकेडचा आधार घ्यावा लागतो. दहातल्या सहाहून अधिक रहिवाशांचं बिल आज मेडिकेडच भरतं. सुमारे 70 टक्के होम नफ्यासाठी चालतात. खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असल्यामुळे नफा वाढवण्याची सर्वांत सोपी जागाही तीच.

आधी रहिवाशांना विचारलं

1965 मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड सुरू झाल्यावर या धंद्यात पैशाचा ओघ आला. पाठोपाठ घोटाळ्यांच्या बातम्याही आल्या. खुर्चीला बांधून ठेवलेली म्हातारी माणसं हे त्या काळातलं नेहमीचं दृश्य होतं. पडू नयेत म्हणून बांधतो, असं समर्थन दिलं जाई. 1980 च्या दशकात सुमारे 40 टक्के रहिवाशांना कधी ना कधी पट्ट्यांनी जखडलं जात असे, असे त्या वेळचे अंदाज आहेत.

एल्मा होल्डर या कार्यकर्तीने 1975 मध्ये नर्सिंग होम सुधारणेसाठी नागरिकांची एक राष्ट्रीय आघाडी उभी केली होती. 1985 मध्ये तिने एक गोष्ट केली, जी तोवर कोणाला फारशी सुचली नव्हती. 15 शहरांतल्या चारशेहून जास्त रहिवाशांना एकत्र बसवून विचारलं, की तुमच्या मते चांगली काळजी म्हणजे काय? डॉक्टर, यंत्रं, इमारत यांचा नंबर नंतर लागला. सर्वांत आधी आली ती माणसं: पुरेशी असलेली, नीट वागणारी, शिकवून तयार केलेली. पुढच्याच वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा मोठा अहवाल आला आणि 1987 च्या डिसेंबरमध्ये नर्सिंग होम सुधारणा कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली.

आज अमेरिकन होमची जी चौकट दिसते, ती बहुतेक या कायद्याची. मदतनिसाला किमान 75 तासांचं प्रशिक्षण हवं. परवानाधारक परिचारिका चोवीस तास हवी. नोंदणीकृत परिचारिका, जिला तिथे सगळे आरएन म्हणतात, आठवड्याचे सातही दिवस किमान आठ तास हवी. सोयीसाठी कोणाला बांधून ठेवायचं नाही. प्रत्येक रहिवाशाचं ठराविक नमुन्यात मूल्यमापन करायचं आणि त्यावरून त्याच्या काळजीची योजना लिहायची. बांधून ठेवण्याचं प्रमाण यानंतर घसरत घसरत अगदी थोडक्यावर आलं. एकूण माणसं किती हवीत, यावर मात्र कायद्याने ‘पुरेशी’ एवढंच म्हटलं. 50 रहिवाशांच्या होमलाही आठ तासांची आरएन आणि 200 रहिवाशांच्या होमलाही तेवढीच.

तारे कसे पडतात

2008 च्या डिसेंबरमध्ये सीएमएसने हॉटेलांसारखी तारांकन पद्धत आणली. एकपासून पाचपर्यंत तारे, संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले. आईला कुठे ठेवायचं हा निर्णय अनेक कुटुंबांना इस्पितळातून सुटी मिळायच्या आदल्या दिवशी घ्यावा लागतो. त्यांच्यासाठी ही मोठी सोय होती.

एकूण तारे तीन गोष्टींवरून ठरतात. पहिली, राज्याच्या निरीक्षकांची तपासणी. हाच पाया. दुसरी, मनुष्यबळ. तिसरी, गुणवत्तेची मोजमापं: किती जणांना दाबजखमा झाल्या, किती पडून जखमी झाले, किती जणांना मनोविकारावरची औषधं चालू आहेत, वगैरे. तपासणीत मिळालेल्या ताऱ्यांत उरलेल्या दोन गोष्टींवरून एकेक तारा वाढतो किंवा कमी होतो. यातली एक खोच सहज नजरेतून निसटते. तपासणीचे तारे राज्यातल्या राज्यात वाटले जातात. राज्यातल्या वरच्या 10 टक्के होमना पाच, तळच्या 20 टक्क्यांना एक. त्यामुळे ओहायोतल्या चार ताऱ्यांची ओरेगॉनमधल्या चार ताऱ्यांशी तुलना करता येत नाही. शिवाय राज्यभर सगळंच ढिसाळ असलं, तरी कोणाला ना कोणाला पाच तारे मिळतातच.

खरी मेख पुढे होती. तीनपैकी फक्त तपासणी बाहेरची माणसं करत. मनुष्यबळाचा आकडा होम स्वतः भरून देत असे, तोही वार्षिक तपासणीच्या वेळी आणि मागच्या दोनच आठवड्यांपुरता. तपासणी अचानक होते असा नियम आहे, पण दोन तपासण्यांत 15 महिन्यांहून जास्त अंतर जाता कामा नये असाही नियम आहे. म्हणजे साधारण कधी येणार याचा अंदाज बांधता येतो. शाळा तपासायला दिपोटी येणार म्हटल्यावर शाळेच्या भिंतींना जसा चुना लागायचा, तशी तपासणीच्या सुमारास पाळ्यांवरची माणसं वाढत. 2009 मध्ये 37 टक्के होमना चार किंवा पाच तारे होते. 2013 पर्यंत जवळपास निम्म्या होमना ते मिळाले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 2014 च्या ऑगस्टमध्ये या वाढीमागचं गुपित मांडलं. काळजी किती सुधारली हे कोणालाच माहीत नव्हतं. फॉर्म भरण्याचं कसब मात्र नक्की सुधारलं होतं.

गुणवत्तेच्या मोजमापांतही तेच. 2020 मध्ये प्रकाशित झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पडून गंभीर जखमी झालेल्या रहिवाशांची इस्पितळांची बिलं शोधून काढली आणि होमने भरलेल्या फॉर्मशी ताडून पाहिली. इस्पितळात पोचलेल्या अशा दीड लाखाच्या आसपास घटनांपैकी होमनी नोंदवल्या होत्या जेमतेम 57 टक्के. ज्या होममध्ये पडण्याचं प्रमाण कमी दिसतं, तिथे माणसं कमी पडतात की कमी लिहिली जातात, हे नुसत्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

औषधांची गोष्ट तर याहून विचित्र. स्मृतिभ्रंश झालेली माणसं रात्री ओरडतात, भटकतात, हात उगारतात. त्यांना शांत करायला वेळ लागतो, आणि तोच कमी असला की गोळी दिली जाते. म्हणून 2012 पासून अशा औषधांच्या वापरावर सरकारने लक्ष ठेवायला सुरुवात केली. स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णाला ती औषधं खरोखर लागतात, त्यामुळे असे रुग्ण मोजणीतून वगळले जातात. मग होममध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान वाढू लागलं. एरवी ऐन तारुण्यात सुरू होणारा हा आजार ऐंशीच्या घरातल्या माणसांच्या कागदावर येऊ लागला. 2021 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हिशोब मांडला, की होममधल्या दर नऊ रहिवाशांमागे एकाच्या नोंदीत हे निदान आहे, तर बाहेरच्या लोकसंख्येत ते दीडशेत एकाला आढळतं. 2023 मध्ये सीएमएसने या निदानांची उलटतपासणी सुरू केली आणि खोट्या नोंदी सापडल्यास तारे कमी करण्याचं जाहीर केलं.

वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड शहरातलं लाइफ केअर सेंटर हे होम 2020 च्या फेब्रुवारीत जगभर गाजलं, कारण अमेरिकेतला कोविडचा पहिला मोठा उद्रेक तिथे झाला. त्या वेळी त्याला पाच तारे होते. महासाथीसाठी तारे बनलेले नव्हते, हे खरं. पण त्याच वर्षी कनेक्टिकट राज्यातल्या होमचा जो अभ्यास झाला, त्यात एक ठळक गोष्ट पुढे आली. ज्या होममध्ये कोविडने किमान एक मृत्यू झाला होता, त्यांत आरएनचा वेळ रहिवाशामागे दिवसाला 20 मिनिटांनी जास्त असेल, तर मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते.

पगारपत्रक खोटं बोलत नाही, फार तर गप्प बसतं

ओबामांच्या 2010 च्या आरोग्य कायद्यात एक कलम होतं, ज्याकडे तेव्हा कोणी फारसं पाहिलं नाही. त्यानुसार मनुष्यबळाची माहिती पगाराच्या नोंदींवरून द्यायची होती. प्रत्यक्षात यायला 2016 चा जुलै उजाडला. तेव्हापासून प्रत्येक होमला दर तिमाहीला रोजच्या रोजचे तास पाठवावे लागतात: कोणत्या दिवशी, कोणत्या पदावरच्या माणसाने, किती तासांचा पगार घेतला. 2018 च्या एप्रिलपासून तारेही यावरूनच पडू लागले.

माहिती हाती आल्यावर ‘कैसर हेल्थ न्यूज’ या वृत्तसंस्थेने ती चाळली. जुन्या फॉर्मवरच्या आकड्यांपेक्षा पगारपत्रकावरचे तास दहातल्या सात होममध्ये कमी निघाले. शनिवार-रविवारी प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका सरासरी 11 टक्के आणि मदतनीस 8 टक्के कमी असत. काही होममध्ये कित्येक दिवस एकही आरएन फिरकलेली नव्हती. त्याच उन्हाळ्यात सीएमएसने सुमारे 1,400 होमचा मनुष्यबळाचा तारा थेट एकवर आणला. हार्वर्डच्या डेव्हिड ग्रॅबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 15 हजारांहून जास्त होमचे रोजचे आकडे तपासले, तेव्हा तपासणीच्या सुमारास चढणारा आणि निरीक्षकांची पाठ वळताच उतरणारा आलेख स्पष्ट दिसला.

इथून सरासरी या शब्दाचा धाक संपतो. एखाद्या होमची सरासरी 3.7 तास असेल, पण ती सोमवार ते शुक्रवार 4 आणि शनिवार-रविवार 3 मिळून झालेली असू शकते. दाबजखमेला वार कळत नाही. म्हणून 2022 पासून आठवड्याअखेरचं मनुष्यबळ वेगळं दाखवलं जातं आणि ताऱ्यांतही धरलं जातं.

त्याच वर्षी आणखी एक मोजमाप जोडलं गेलं: माणसं टिकतात किती. 2021 मध्ये ग्रॅबोव्स्कींच्याच गटाने पगाराच्या नोंदींवरून शोधलं, की नर्सिंग होममधल्या परिचारिका आणि मदतनिसांचं वर्षाचं गळतीचं प्रमाण सरासरी 128 टक्के आहे. शंभर जागांवरून वर्षात एकशे अठ्ठावीस जण सोडून गेले, म्हणजे काही जागांवर दोनदा-तीनदा माणूस बदलला. सरासरी काही फार वाईट होममुळे फुगलेली आहे. बरोबर मधल्या होमचं प्रमाणही 94 टक्के होतं. मदतनिसाला 2023 मध्ये तासाला साधारण 18 डॉलर मिळत. कंबर मोडणारं काम करून तेवढेच पैसे गोदामात खोकी उचलून मिळत असतील, तर लोक गोदामात जातात.

गळतीचा रहिवाशावर काय परिणाम होतो, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आजोबांना चहा कोमट लागतो, डाव्या कानाने ऐकू येत नाही, दुपारी चारनंतर ते अस्वस्थ होतात: हे नव्याने आलेल्या माणसाला ठाऊक नसतं. कालच्यापेक्षा आज आजी गप्प आहेत, हे ज्याने काल त्यांना पाहिलं त्यालाच कळतं. आणि वृद्धांत मूत्रमार्गाच्या संसर्गाची किंवा न्यूमोनियाची पहिली खूण पुष्कळदा तापाऐवजी एवढीच असते.

मालक कोण, हेही पाहायला हवं. अतुल गुप्ता, सॅब्रिना हॉवेल आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं, की खासगी गुंतवणूक कंपन्यांनी विकत घेतलेल्या होममध्ये थोड्या दिवसांसाठी आलेल्या मेडिकेअर रुग्णांचे मृत्यू सुमारे 10 टक्क्यांनी वाढले. त्याच होममध्ये प्रत्यक्ष शुश्रूषेचे तास घटले होते आणि मनोविकारावरच्या औषधांचा वापर वाढला होता.

साडेतीन तासांची लढाई

2001 चा आकडा सक्तीचा करावा, ही मागणी संशोधक आणि कुटुंबं वीस वर्षं करत होती. राज्यांनी आपापले मार्ग काढले, कॅलिफोर्नियात 3.5 तासांचा नियम आहे, न्यूयॉर्कनेही 2021 मध्ये तेवढाच केला. देशपातळीवर नियम आला तो 2024 च्या एप्रिलमध्ये. रहिवाशामागे दिवसाला 3.48 तास, त्यातले 0.55 आरएनचे आणि 2.45 मदतनिसांचे, शिवाय आरएन चोवीस तास हजर. शंभर रहिवाशांच्या होममध्ये याचा अर्थ प्रत्येक पाळीला सुमारे दहा मदतनीस. 4.1 च्या मानाने हे कमीच होतं. तरी केएफएफ या संशोधन संस्थेच्या हिशोबानुसार त्या वेळी तासांच्या सगळ्या अटी पुऱ्या करणारी होम होती फक्त 19 टक्के.

होमचालक कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. गावाकडच्या भागांत जाहिराती देऊनही आरएन मिळत नाहीत, मेडिकेडचे दर कमी आहेत, आणि नियमाबरोबर सरकारने पुरेसा पैसा दिलेला नाही. समोरच्यांचं म्हणणं, की माणसं मिळत नाहीत कारण पगार आणि कामाचा बोजा दोन्ही असह्य आहेत, आणि पैसा कुठे जातो ते मालकांच्या भाडे-करारांत आणि त्यांच्याच उपकंपन्यांना दिलेल्या बिलांत शोधावं. 2025 च्या एप्रिलमध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने नियमाचे मुख्य भाग रद्द केले. जूनमध्ये आयोवातूनही तसाच निकाल आला आणि जुलैमध्ये ट्रम्प यांच्या कर आणि खर्चाच्या कायद्याने अंमलबजावणी 2034 पर्यंत पुढे ढकलली. सक्ती गेली. पगारपत्रकाची नोंद मात्र चालू आहे, आणि कुटुंबांच्या हातातलं तेच सर्वांत चांगलं साधन आहे.

कागद वाचणं आणि नाक उघडं ठेवणं

तपासणीत सापडलेल्या त्रुटींचा अहवाल 2567 क्रमांकाच्या फॉर्मवर लिहिला जातो. ताज्या तपासणीचे निकाल प्रत्येक होमने कोणालाही सहज वाचता येतील अशा ठिकाणी ठेवायचे असतात, मागायची गरज पडू नये अशा तऱ्हेने. प्रत्येक त्रुटीला ए ते एल यांतलं एक अक्षर असतं. बहुतेक त्रुटी डी किंवा ई या गटात येतात: इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. जी, एच किंवा आय हे अक्षर दिसलं, तर प्रत्यक्ष इजा झालेली असते. जे, के आणि एल म्हणजे जिवावर बेतणारा धोका. अक्षरापेक्षा मजकूर मोलाचा. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या तापमानाची नोंद नाही, ही एक त्रुटी. बेल वाजवून पाऊण तास कोणी आलं नाही म्हणून बाई स्वतः उठायला गेली आणि पडली, ही दुसरी. एकच त्रुटी तीन वर्षं सलग येत असेल, तर दर वर्षी लिहून दिलेली सुधारणेची योजना कागदावरच राहिली, असं समजायला हरकत नाही. छळाची गंभीर नोंद असलेल्या होमपुढे 2019 पासून संकेतस्थळावर लाल वर्तुळात थांबण्याची खूण करणारा हात दिसतो. तो तारे पाहायच्या आधी पाहावा.

मग प्रत्यक्ष भेट. मार्केटिंगवाली बाई मंगळवारी सकाळी अकराची वेळ देते, तेव्हा लॉबीत ताजी फुलं असतात आणि पियानो वाजत असतो. ती भेट घ्यावी, पण दुसरी न कळवता शनिवारी किंवा रविवारी, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी घ्यावी. त्या वेळी ऑफिस बंद असतं आणि जे असतं ते उघड दिसतं. भरवावं लागणाऱ्या किती जणांसमोर ताट नुसतं थंड होत पडलं आहे? एक मदतनीस एकाच वेळी चौघांना भरवते आहे का? दारावरचा बोलावण्याचा दिवा लागला, तर किती वेळाने विझतो, आणि विझवणारी व्यक्ती काम करून जाते की नुसता दिवा बंद करून? पाण्याचा पेला हाताला लागेल असा ठेवला आहे का? नखं कापलेली आहेत का? चष्मा पुसलेला आणि त्याच माणसाचा आहे का? लघवीचा वास एखाद्या खोलीपाशी यायचाच. सगळ्या मजल्यावर येत असेल तर हात कमी आहेत. सुगंधी फवाऱ्याचा वास सगळीकडे येत असेल, तरी तेच.

मदतनिसाला दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळतं: इथे किती दिवस आहात, आणि आज तुमच्याकडे किती जण आहेत? दिवसपाळीला सात-आठ हे उत्तर दिलासा देणारं. बारा-पंधरा म्हणाली, तर बाकीचा हिशोब मनातल्या मनात करता येतो. ‘मला रोज हेच रहिवासी असतात’ असं म्हणाली तर उत्तम. ‘मी एजन्सीकडून आले, आज पहिलाच दिवस’ असं दोघी-तिघींनी सांगितलं तर विचार करावा. रहिवाशांची परिषद प्रत्येक होममध्ये भरू शकते; तिच्या अध्यक्षाशी पाच मिनिटं बोलणं हे माहितीपुस्तिका वाचण्यापेक्षा उपयोगाचं.

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईची भाषा उरते. चाळीस वर्षं इंग्रजीत नोकरी केलेली बाई ‘शू लागली’ एवढंच म्हणते, आणि ते कोणाला कळत नाही. मग ती चिडते, आणि चिडण्याची नोंद होते. स्मरणशक्तीच्या ठराविक चाचणीत मोजा, निळा आणि पलंग या अर्थाचे तीन इंग्रजी शब्द ऐकून ते थोड्या वेळाने आठवून सांगायचे असतात. भाषाच समजली नाही तर गुण भाषेचे जातात आणि शिक्का बुद्धीवर बसतो. दुभाषा मिळणं हा रहिवाशाचा हक्क आहे आणि मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये भाषेचा रकाना आहे. तो रकाना भरला गेला की नाही हे विचारावं. न्यू जर्सीतल्या काही होमनी भारतीय रहिवाशांसाठी वेगळे विभाग आणि शाकाहारी स्वयंपाक सुरू केला आहे. तिथेही वरण-भातावर न थांबता रात्रपाळीला कोण असतं हे विचारलं पाहिजे.

उलट्या दिशेची गरज आता तितकीच मोठी आहे: मुलं ह्यूस्टनला आणि आईवडील पुण्यात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात वृद्धाश्रमांचा विषय येतो, पण अंथरुणाला खिळलेल्यांच्या निवासी केंद्रांचे रोजचे मनुष्यतास पगारपत्रकावरून जाहीर करणारी अमेरिकेसारखी देशव्यापी यंत्रणा भारतात नाही. ब्युरोकडून आलेल्या मावश्या, बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि सणासुदीला गावी गेलेला निम्मा स्टाफ, यावरच कारभार चालतो. तारे नसले तरी प्रश्न तेच लागू पडतात: रात्री किती जण, किती रहिवाशांमागे, शिकलेली नर्स किती तास, गेल्या वर्षभरात किती जणी सोडून गेल्या, दाबजखमा आत्ता किती जणांना आहेत आणि त्यांतल्या किती इथे आल्यावर झाल्या. व्यवस्थापकाला हे आकडे तोंडपाठ असतील तर तो मोजतो आहे. हसण्यावारी नेत असेल, तर तेही उत्तरच.

अमेरिकन होमच्या दर्शनी भागात एक कागद लावलेला असतो. बहुतेक पाहुणे त्याच्यापुढून थेट लिफ्टकडे जातात. त्या दिवशी होममध्ये किती रहिवासी आहेत आणि प्रत्येक पाळीला किती आरएन, किती परवानाधारक परिचारिका, किती मदतनीस, एकूण किती तास, हे त्यावर रोज लिहिणं केंद्रीय नियमानुसार बंधनकारक आहे. बेरीज करायची आणि रहिवाशांच्या संख्येने भागायचं. 90 रहिवासी आणि सगळे मिळून 270 तास, म्हणजे प्रत्येकी 3. संकेतस्थळावर याच होमची सरासरी 3.7 असेल, तर फरक कुठून आला हे परिचारिका प्रमुखांना विचारता येतं. हे कागद किमान 18 महिने जपून ठेवायचे असतात आणि मागणाऱ्याला दाखवायचे असतात. तेव्हा मागताना आजचा कागद मागू नये. मागच्या महिन्यातल्या चारही रविवारांचे मागावेत, आणि जमलं तर नाताळच्या आठवड्यातलेही.